इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि टाकीतले पाणी : या चुका टाळा

पावसाळा सरला की कराडमधील माझ्या गॅरेजमध्ये एकच तक्रार येऊ लागते : पंपावर भेसळीचे पेट्रोल मिळाले आणि गाडी बंद पडली. पंपाला दोष देण्याआधी टाकीचे झाकण तपासावे, असे मी प्रत्येकाला सांगतो.

इथेनॉल हे एक प्रकारचे अल्कोहोल; ते पाण्यात सहज मिसळते. टाकीत शिरलेले थोडे पाणी ते सामावून घेते, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात आणि वरच्या पेट्रोलचा ऑक्टेनही (इंजिनात ठोके न देता जळण्याची क्षमता) घसरतो.

गेल्या वर्षी वाळवा तालुक्यातील एका शेतकरीदादांनी जुनी मोटारसायकल आणली. ती चार महिने गोठ्याच्या पडवीत, गळक्या पत्र्याखाली उभी होती. घाईने त्यांनी प्लग बदलला, कोणीतरी सुचवलेले औषध टाकीत ओतले आणि वरून ताजे पेट्रोल भरले. मी कॉकमधून, म्हणजे टाकीखालच्या तोटीतून, थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवले, तेव्हा तळाशी दोन बोटे फिकट थर आणि वर नारिंगी पेट्रोल असे स्पष्ट दिसले. कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) वाटीत पांढरट भुकटी साचली होती आणि झाकणाचा रबरी वॉशर चिरला होता. वरून कितीही पेट्रोल ओतले, तरी कॉक तळाशी असल्यामुळे इंजिनाला आधी ते पाणीच मिळते. मी टाकी पूर्ण रिकामी केली, विस्तवापासून दूर उघड्यावर दोन दिवस वाळवली आणि नवा वॉशर बसवला. जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे बारीक छिद्र, मी हवेच्या दाबाने साफ करतो. त्यात तार घालणाऱ्याला माझ्या हाताखाली काम मिळत नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, म्हणजे वाटी कोरडी राहते.

दुसरी चूक ऊसपट्ट्यात हमखास भेटते : कुठून तरी मिळवलेले स्पिरिट टाकीत ओतणे. साध्या ऊर्ध्वपातनाने (उकळून वाफ पुन्हा थंड करण्याने) अल्कोहोल वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपलीकडे शुद्ध होत नाही, कारण उरलेले पाणी त्याच्याबरोबरच उकळते. पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या इथेनॉलची शुद्धता किमान ९९.५ टक्के लागते आणि त्यासाठी डिस्टिलरीत वेगळी यंत्रणा असते. शिवाय परवान्याशिवाय अल्कोहोल गाळणे हा गुन्हा आहे.

मायलेज वाढवण्यासाठी जेट लहान करू नये. एक किलो पेट्रोल जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉलमिश्रित इंधन थोडे जास्तच द्यावे लागते. जेट लहान केल्यास मिश्रण आणखी पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडून, इंजिन तापते. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ई-२० वर (२० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर) मायलेज थोडे घटणारच.

जुन्या गाडीचा रबरी पाइप फुगलेला किंवा चिकट वाटला, तर इथेनॉलला टिकणारा नवा पाइप त्याच दिवशी बसवावा.