हर्णै बंदर पाहण्याचा क्रम

दापोलीहून हर्णैला येणारे बहुतेक पर्यटक थेट मासळीच्या लिलावात शिरतात आणि सुरमईची पिशवी घेऊन परततात. गाव पाहायचेच राहून जाते. त्यापेक्षा लिलावाच्या दोन तास आधी, दुपारीच पोहोचावे. जून-जुलैत मासेमारीबंदी असल्याने ते महिने टाळावेत.

सुरुवात कनकदुर्गापासून करावी. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या या टेकाडावर काळ्या दगडाचे बुरूज, पाण्याची टाकी आणि दीपगृह एवढेच उरले आहे. परंतु येथूनच नांगरलेल्या होड्या आणि त्यांच्यापलीकडे पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग एका नजरेत येतो, आणि आंग्र्यांच्या आरमाराने हे ठिकाण का निवडले असावे, हे वेगळे सांगावे लागत नाही. एप्रिल १७५५ मध्ये पेशव्यांशी हातमिळवणी केलेल्या इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला, तेव्हा कनकदुर्ग, फत्तेगड हे किनाऱ्यावरचे जोडकिल्लेही आंग्र्यांच्या हातून गेले. शेजारच्या फत्तेगडावर आता तटबंदी शोधावी लागते, कारण संपूर्ण किल्ल्यावर कोळ्यांची घरे आहेत. तेथून जाताना आपण कोणाच्या तरी अंगणातून जात आहोत याचे भान ठेवावे आणि विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये.

वेळ आणि समुद्र दोन्ही अनुकूल असतील तर होडीने सुवर्णदुर्गावर जावे. महाद्वाराच्या पायरीवर कोरलेले कासव आणि तटावरचा मारुती घाईत हमखास नजरेतून सुटतात. २०२५ मध्ये हा किल्ला जागतिक वारसा यादीत आला.

ऊन कलले की पुळणीवर उतरावे. मोठ्या होड्या किनाऱ्याला लागू शकत नसल्यामुळे मासळी लहान होड्यांतून आणि पाण्यात उतरवलेल्या बैलगाड्यांतून वाळूवर आणण्याची रीत येथे पडली, आणि लिलावही वाळूवरच भरू लागला. बोली टोपल्यांवर किंवा ढिगांवर लागते, घरापुरती मासळी हवी असेल तर बोलीमध्ये न पडता कडेला बसलेल्या विक्रेतीला "मावशी, वाटा केवढ्याला?" असे विचारावे. कल्ला उचलून लाल आहे का, डोळा स्वच्छ आहे का ते पाहावे. घासाघीस जरूर करावी, पण भाव ठरल्यावर मागे फिरू नये. बर्फ मात्र आधीच घेऊन ठेवावा.