रोइंगची शर्यत बिघडली? त्यानंतर होणाऱ्या या चुका टाळा

बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात पैलवान हरला, तर तो कुठल्या डावावर हरला हे कडेला बसलेल्या प्रत्येकानं पाहिलेलं असतं. रोइंगचं, म्हणजे बोट वल्हवण्याच्या शर्यतीचं, तसं नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं या खेळात येतात ती बहुतेक सैन्यात गेल्यावर किंवा बाहेर शिकायला गेल्यावर. शर्यत होते पुण्यात, हैदराबादच्या हुसेनसागरावर, नाहीतर भोपाळच्या मोठ्या तलावावर. गावात पोचतो तो फक्त आकडा: पाचवा आला. त्या आकड्यामागे काय घडलं हे समजणारं माणूस जवळ नसतं, आणि हळूहळू पोरगाही त्या आकड्यालाच सगळं खरं मानायला लागतो. हरण्यानं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त नुकसान त्यानंतरच्या आठवड्यात घाईनं घेतलेल्या निर्णयांनी होतं. म्हणून हे लिहितो आहे.

नुसती वेळ बघून स्वतःला मोजणं

ही सगळ्यात मोठी चूक. शर्यतीचे 2000 मीटर सगळीकडे 2000 मीटरच असले तरी पाणी आणि वारा रोज वेगळे. समोरून वारा असला की सिंगल स्कलची (एकट्यानं वल्हवायच्या बोटीची) वेळ कितीतरी सेकंदांनी वाढते, आणि पाठीमागून असला की तोच खेळाडू वीर वाटायला लागतो. म्हणूनच जागतिक संघटना या खेळात 'विश्वविक्रम' म्हणत नाही, 'सर्वोत्तम वेळ' एवढंच म्हणते. गेल्या वर्षी पुण्यात काढलेली वेळ आणि यंदा भोपाळला काढलेली वेळ शेजारी मांडून रडण्यात अर्थ नाही. तुलना करायची ती त्याच शर्यतीतल्या, त्याच वाऱ्यातल्या बोटींशी.

दुसरी अडचण आठवणीची. रोइंग करणारा पाठमोरा बसतो. मागच्या बोटी त्याला दिसतात, पुढच्या दिसत नाहीत. म्हणजे जो सगळ्यात मागे पडला, त्याला समोर मोकळं पाणी सोडून काहीच दिसलेलं नसतं. अशा माणसानं रात्री डोळे मिटून शर्यत आठवली, तर त्याला फक्त छातीतली आग आठवणार. त्या आठवणीवर विसंबू नका. दर 500 मीटरची वेळ काढा, स्ट्रोक रेट (मिनिटाला किती वेळा वल्हं मारलं तो आकडा) मिळाला तर तोही घ्या, कुणी काठावरून मोबाइलवर शूटिंग केलं असेल तर ते बघा.

मग चार तुकडे निरखा. पहिल्या 500 ला पुढे आणि तिसऱ्या 500 मध्ये एकदम ढासळलात, तर ताकद कमी नव्हती, सुरुवात भलतीच तापट झाली. सुरुवातीला रेट चाळिशीपार जाणं ठीक, पण तिथून वेळेत खाली येऊन लय धरायची असते. ती धरली नाही की पाय लवकर भरून येतात. पहिल्या स्ट्रोकपासून शेवटपर्यंत अंतर सारख्या गतीनं वाढत गेलं असेल, तर प्रश्न दमाचा, ताकदीचा किंवा बोटीच्या जुळणीचा आहे, आणि त्याला महिने लागतात. एकाच ठिकाणी अचानक दोन बोटींच्या लांबीएवढं अंतर गेलं असेल, तर बहुधा वल्हं पाण्यात अडकलं किंवा बोट लेन सोडून कडेच्या तरंगत्या खुणेकडे, बॉयाकडे गेली. हा कौशल्याचा एक क्षण आहे, तुमच्या सगळ्या तयारीवरचा निकाल नव्हे. आणि शेवटच्या 250 मध्ये तुम्ही सगळ्यांपेक्षा जोरात आला असाल, तर मधे कुठंतरी जास्तच राखून ठेवलं. चारही दुखणी वेगळी, औषधंही वेगळी.

हीट गेली म्हणजे संपलं समजणं

रोइंगच्या बऱ्याच स्पर्धांत हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, मागे पडलेल्याला रेपेचाज या जादा फेरीत दुसरी संधी असते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचा बलराज पन्वर हीटमध्ये चौथा आला, मग रेपेचाजमध्ये दुसरा येऊन उपांत्यपूर्व फेरीत गेला. त्याच्या आदल्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो चौथा आला होता, पदक थोडक्यात हुकलं होतं.

हीटनंतर बरेच जण तंबूत जाऊन टॉवेलखाली तोंड झाकून बसतात. तसं करू नका. पंधरा-वीस मिनिटं हलकं वल्हवून अंग मोकळं करा, पाणी प्या, तासाभरात काहीतरी पोटात घाला. पुढची फेरी इथूनच सुरू होते.

राग अंगावर काढणं

सुट्टीवर घरी आलेला पोरगा गावच्या तालमीत जातो आणि रागानं जोर-बैठकांचा सपाटा लावतो, किंवा कॅम्पमध्ये रोज एर्गोमीटरवर (जमिनीवरच्या वल्हवायच्या यंत्रावर) पूर्ण 2000 ची चाचणी देत सुटतो. एकदम वाढवलेल्या कामानं रोइंगवाल्याची कंबर धरते आणि बरगडीला बारीक तडा जाऊ शकतो. श्वास घेताना, खोकताना बरगडीत एकाच जागी टोचत असेल तर ते अंगदुखी म्हणून सोडू नका, डॉक्टरला दाखवा. सकाळी उठल्या-उठल्या नाडी मोजायची सवय लावा. नेहमीपेक्षा ती सलग काही दिवस जास्त लागत असेल, तर शरीर अजून सावरलेलं नाही.

मुळात शर्यतीच्या दिवशी तुम्ही बरे होता का, हेही प्रामाणिकपणे तपासा. नाशिक जिल्ह्यातल्या रोइंगपटू दत्तू भोकनळचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. 23 ऑगस्ट 2018 ला जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत सिंगल स्कलच्या फायनलमध्ये तो सहावा, म्हणजे शेवटचा आला. तब्येत बरी नव्हती. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंह, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंह यांच्यासोबत त्यानं चौघांच्या क्वाड्रपल स्कलमध्ये सुवर्णपदक मिळवलं. आजारपणात शर्यत मारावी असं मी मुळीच सुचवत नाही. त्याच माणसाचे एका दिवसाच्या अंतरानं असे दोन निकाल लागू शकतात, एवढं मात्र लक्षात ठेवा.

एका झटक्यात सगळं बदलणं

वल्ह्याची लांबी, रिगर (वल्हं पेलणारी बोटीबाहेरची चौकट), पाय टेकायच्या पट्टीची जागा, कोच, सगळं एकाच आठवड्यात बदललं तर कशानं फरक पडला हे कधीच कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट, तीही शांत पाण्यात. आधी साध्या गोष्टी बघा: गेटचा (वल्हं अडकवायच्या कडीचा) नट सैल होता का, सीट रुळावर अडकत होती का. स्पर्धेत पुष्कळदा दुसऱ्याची बोट घ्यावी लागते, तेव्हा हे हमखास राहतं.

चौघांच्या किंवा आठांच्या बोटीत असाल तर त्या रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाचं नाव घेऊन काही लिहू नका. काय ते कोचसमोर, सगळे बसलेले असताना बोला.

घरच्यांना टाळणं, आणि घरच्यांचं चुकणं

फोन न उचलणं सोपं वाटतं. पण आई-बाबांना कळत नाही म्हणून तर त्यांना समजावून सांगायचं. फायनल ए मध्ये पहिले सहा, बी मध्ये सातवा ते बारावा, सी मध्ये तेरावा ते अठरावा असे क्रम ठरतात. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दत्तू तेरावा आला, म्हणजे त्यानं सी फायनल जिंकली होती. "सहा बोटींत पाचवा" आणि "देशात पाचवा" यातला फरक आण्णांना एकदा कागदावर काढून दाखवा.

घरच्यांनाही एक विनंती. "जाऊ दे रे, नोकरी हाय की पक्की, खेळून काय मिळतंय" हे तुम्ही मायेनं म्हणता, पण त्याला ते लागतं. कितवा आलास हे त्यानं सांगितलेलंच असतं. "पाणी कसं होतं रे तिथं?" असं विचारून बघा. तो बोलायला लागेल.

मन शांत करायला एकट्यानं हिडकल किंवा राकसकोपच्या धरणात उतरू नका, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. आणि दोन आठवड्यांनंतरही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात राम वाटत नसेल, तर कोचला आणि डॉक्टरला सांगा. 14416 ही केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन मोफत आहे. तिथं मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही.