लॅपटॉपवर कायद्याची परीक्षा देण्यापूर्वी

परीक्षेचे सॉफ्टवेअर आदल्या रात्री नव्हे, तर निदान दोन आठवडे आधी लॅपटॉपवर बसवून घ्यावे. कारण त्यासाठी बहुधा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार (लॅपटॉपमध्ये नवे सॉफ्टवेअर बसवण्याची मुभा) लागतात आणि कार्यालयाकडून मिळालेल्या लॅपटॉपवर ते सहसा नसतात. अशी अनेक सॉफ्टवेअर परीक्षेच्या काळात इतर प्रोग्रॅम आणि इंटरनेट बंद ठेवतात, उत्तरे ठरावीक अंतराने लॅपटॉपमध्येच साठवतात आणि पेपर संपल्यावर ती अपलोड करतात. त्यामुळे मध्येच यंत्र अडकले तर आपणहून खटपट न करता पर्यवेक्षकांना बोलवावे, लिहिलेले बहुतांशी शाबूत असते.

सराव परीक्षा मात्र टाळू नये. एखादा जुना प्रसंगाधारित प्रश्न घेऊन, वेळ लावून, त्याच सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण उत्तर लिहावे आणि ते अपलोडही करून पाहावे. मुद्दा, नियम, नियमाचे उपयोजन आणि निष्कर्ष ही शीर्षके आधी टाइप करून मग त्यांखाली मजकूर भरत गेल्यास उत्तर पसरत नाही. भराभर टाइप करणाऱ्यांचा हाच दोष मोठा असतो.

आदल्या दिवशी राहिलेले अपडेट पूर्ण करून लॅपटॉप रीस्टार्ट करावा, लॅपटॉपमधली तारीख व वेळ बरोबर आहे ना, हे तपासावे आणि चार्जर बॅगेत ठेवावा.