औषध कंपन्यांचा पैसा आणि सिनेटरचं मत : जोडी लावताना या चुका टाळा

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर एक तक्ता फिरायला लागतो. डावीकडे सिनेटरचं नाव, मध्ये आरोग्य क्षेत्राकडून मिळालेले डॉलर, उजवीकडे एखाद्या विधेयकावरचं मत. खाली शेरा ठरलेला : "विकला गेला." कधीकधी तो खरंच गेलेला असतो म्हणा. पण तक्त्यावरून ते सहसा कळत नाही. असे तक्ते मीही हौसेने केलेत, त्यामुळे ते कुठे फसतात हे बऱ्यापैकी ठाऊक झालंय.

डॉक्टरचा चेक कंपनीच्या खात्यावर मांडणं

1907 पासून अमेरिकी कंपन्यांना काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेच्या) उमेदवाराला थेट पैसे देता येत नाहीत. मग तक्त्यात कंपनीच्या नावापुढे आकडा येतो कुठून? दोन ठिकाणांहून. एक म्हणजे तिथल्या नोकरदारांनी स्वतःच्या खिशातून दिलेली देणगी. दुसरी 'पॅक', म्हणजे कर्मचाऱ्यांच्या वर्गणीतून कंपनीच्या नावाने चालणारी वेगळी पेटी. तिला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी 5,000 डॉलरपर्यंत देता येतात, आणि पक्षांतर्गत निवडणूक वेगळी मोजली जाते.

एखाद्याची देणगी 200 डॉलरच्या वर गेली की त्याचा व्यवसाय आणि मालक कोण, हे उमेदवाराला नोंदवावं लागतं. राजकारणातल्या पैशाचा माग ठेवणाऱ्या 'ओपनसीक्रेट्स'सारख्या संस्था त्यावरूनच क्षेत्र ठरवतात. म्हणजे एडिसनमधल्या एखाद्या मराठी भूलतज्ज्ञ बाईंनी गर्भपाताच्या हक्कासाठी म्हणून हजार डॉलर दिले, तरी ते 'आरोग्य उद्योगा'तच जमा. जानेवारी 2025 मध्ये आरोग्यमंत्रिपदासाठी नेमलेले रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी सिनेटमधल्या सुनावणीत सिनेटर बर्नी सँडर्स यांच्यावर औषध कंपन्यांच्या पैशाचा आरोप केला, तेव्हा सँडर्स यांनी हेच सांगितलं : पैसा कामगारांचा आहे, कंपन्यांच्या पॅकचा नाही. सँडर्स आवडोत न आवडोत, हिशेबाचा हा मुद्दा बरोबर होता. पॅकचा रकाना वेगळा काढा, मग बोला.

(जाता जाता : एच-1बी वर असाल तर उत्साहात चेक फाडू नका, ते बेकायदा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं.)

'आरोग्य उद्योग' एकाच घरात नांदतो असं समजणं

2017 मध्ये रिपब्लिकन पक्ष ओबामाकेअर (ओबामांच्या काळातला आरोग्य विम्याचा कायदा) मोडायला निघाला तेव्हा डॉक्टरांची मोठी संघटना आणि रुग्णालयांची संघटना, दोघीही विरोधात उभ्या होत्या. विमा गेलेले रुग्ण रुग्णालयांच्या दारात उधारीवर येणार, हे त्यांना दिसत होतं. मग सिनेटमधल्या निर्णायक मतदानाच्या रात्री स्वतःच्या पक्षाविरुद्ध 'नाही' म्हणणाऱ्या रिपब्लिकन जॉन मकेन यांनी उद्योगाची बाजू घेतली की उद्योगाला झुगारलं? प्रश्नच चुकीचा आहे.

2019 मध्ये अचानक येणाऱ्या वैद्यकीय बिलांवर कायदा करायचं घाटलं, तेव्हा भांडण विमा कंपन्या आणि रुग्णालयांना डॉक्टर पुरवणाऱ्या कंपन्या यांच्यात होतं. 'डॉक्टर पेशंट युनिटी' नावाच्या गटाने जाहिरातींवर 2.8 कोटी डॉलरहून जास्त उधळले. मागे टीमहेल्थ आणि एनव्हिजन या दोन कंपन्या आहेत, हे नंतर बाहेर आलं. हा पैसा कुठल्याही उमेदवाराच्या खात्यात शिरला नाही. म्हणजे आपल्या तक्त्यात शून्य.

फुकटचं मत जमेस धरणं

जानेवारी 2017 मध्ये कॅनडाहून स्वस्त औषधं आणण्याबाबतची एक दुरुस्ती सिनेटमध्ये 46 विरुद्ध 52 अशी पडली. 13 डेमोक्रॅट विरोधात गेले. त्यात आमचे न्यू जर्सीचे सिनेटर कोरी बुकर होते आणि त्यांच्यावर समाजमाध्यमांत झोड उठली. पण ती अर्थसंकल्पी ठरावावरची दुरुस्ती होती, आणि असा ठराव कायदा होत नाही. मंजूर झाली असती तरी एक गोळीही स्वस्त झाली नसती. टेड क्रूझ यांच्यासह 12 रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं, त्याचंही कारण बहुधा हेच असावं. पुढच्याच महिन्यात बुकर आयातीच्या विधेयकावर सँडर्स यांच्याबरोबर आले.

सिनेटमध्ये आणखी एक गंमत आहे. बहुमताचा नेता कधीकधी स्वतःच्याच विधेयकाविरुद्ध मत देतो, कारण हरलेल्या विषयावर फेरमतदान मागायला त्याला हरवणाऱ्यांच्या बाजूला असावं लागतं. आणि आवाजी मतदानात कोणाचीच नोंद राहत नाही.

एकच मत पाहून थांबणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सॅन डिएगोचे डेमोक्रॅट स्कॉट पीटर्स घ्या. औषध क्षेत्राकडून निधी मिळणाऱ्या हाउस (काँग्रेसचं खालचं सभागृह) सदस्यांत त्यांचं नाव वरच्या ओळीत असे. डिसेंबर 2019 मध्ये औषधांच्या किमतीवर सरकारने वाटाघाटी करावी, असं विधेयक हाउसमध्ये 230 विरुद्ध 192 मतांनी मंजूर झालं. पीटर्स बाजूने होते. सिनेट रिपब्लिकनांच्या हातात होतं, विधेयक तिथेच धूळ खात पडणार हे लहान पोरालाही माहीत होतं.

सप्टेंबर 2021 मध्ये हाउस, सिनेट आणि व्हाइट हाउस, तिन्ही डेमोक्रॅट पक्षाकडे. तीच कल्पना ऊर्जा आणि वाणिज्य समितीपुढे आली. पीटर्स, ओरेगनचे कर्ट श्रेडर आणि न्यूयॉर्कच्या कॅथलीन राइस फुटले. 29-29. बरोबरी म्हणजे नामंजूर.

ऑगस्ट 2022 मध्ये सौम्य केलेली आवृत्ती आली. पहिल्या फेरीत फक्त 10 औषधं, आणि तीही मेडिकेअरपुरती, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्यापुरती. पीटर्स पुन्हा बाजूने. कायदा झाला.

अंतिम मतदानाच्या नोंदी पाहिल्या तर हे गृहस्थ दोनपैकी दोन. खरी गोष्ट मधल्या समितीत घडली आणि ती बहुतेक तक्त्यांत नसतेच. म्हणून ज्या मताने निकाल फिरू शकत होता, ते आधी शोधा.

तरीही "पैशाने विकत घेतलं" हे लिहिण्यापूर्वी थोडं थांबा. सॅन डिएगोत जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्यांची रांग लागलीय, मतदारांची नोकरी तिथे आहे, आणि संशोधनाची गुंतवणूक आटेल ही भीती पीटर्स उघडपणे मांडत होते. देणगीमुळे मत की मतामुळे देणगी, हे एका आकड्यावरून सुटत नाही. मतदारांनी दोघांचा निकाल वेगवेगळा लावला : श्रेडर 2022 मध्ये पक्षांतर्गत निवडणूकच हरले, पीटर्स निवडून आले.

देणगी संपली की हिशेब संपला असं मानणं

2003 मध्ये मेडिकेअरमध्ये औषधांचा समावेश करणारं विधेयक हाउसमध्ये 220 विरुद्ध 215 असं निसटतं मंजूर झालं. पहाटे तीनच्या सुमारास सुरू झालेलं मतदान जवळजवळ तीन तास उघडं ठेवलं होतं. सरकारने औषध कंपन्यांशी किमतीची घासाघीस करू नये, असं कलम त्यातच होतं. ते घडवणाऱ्यांत ऊर्जा आणि वाणिज्य समितीचे तेव्हाचे अध्यक्ष बिली टॉझिन होते. 2005 च्या सुरुवातीला ते औषध कंपन्यांच्या 'फार्मा' या संघटनेचे प्रमुख झाले. हा पगार देणग्यांच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही. त्या कलमाला पहिली भोकं पडायला 2022 उजाडावं लागलं.