सॅडलच्या मोठ्या फ्लॅपला एकसारखा रंग कसा द्यायचा

सॅडलच्या (घोड्याच्या खोगिराच्या) रिपेअरमधे छोटे पट्टे कसेही रंगवले तरी चालून जातं, पण फ्लॅपसारख्या, म्हणजे रायडरच्या पायाखाली दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या, मोठ्या सपाट तुकड्यावर एक जरी ओघळ पडला तरी तो डोळ्यात भरतो.

आधी चामडं नीट बघून घ्या. धारावीत क्रोम टॅन (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं) भरपूर मिळतं, कापलेली कड निळसर-करडी दिसली तर बहुतेक तेच, आणि इथे सांगतोय ते व्हेज टॅनसाठी (झाडाची साल वगैरे वापरून कमावलेल्या चामड्यासाठी) आहे. डावा-उजवा दोन्ही फ्लॅप एकाच कातड्यातून कापा, तेही पाठीकडच्या भागातून, पोटाकडचं चामडं सैल असतं आणि रंग जास्त पितं. उरलेला कपटा टाकू नका, रंगाची ट्रायल त्याच्यावरच घ्यायची.

आता स्पिरिट डाय (स्पिरिटमधे विरघळवलेला चामड्याचा रंग) घ्या, त्याच कंपनीच्या थिनरने निम्म्याला निम्मा पातळ करा आणि दोन्ही फ्लॅपला पुरेल एवढा एकाच बाटलीत कालवून ठेवा, कारण मधेच संपला तर दुसऱ्यांदा तीच शेड येणं महाकठीण. ग्लोव्हज घाला, खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस पेटलेला नको.

चामडं ओल्या स्पंजने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखं भिजवा आणि थांबा. वरचा रंग जवळजवळ मूळचा दिसायला लागला पण हाताला अजून गार लागतंय, की सुरू करा. कोरडं चामडं स्पंज टेकेल तिथेच डाय ओढून घेतं, म्हणून तर डाग पडतात. बाटलीबरोबर येतो तो छोटा लोकरीचा गोळा यासाठी वापरूच नका, तळहाताएवढा स्पंज घ्या, तो ठिबकणार नाही इतका पिळा आणि कडेपासून सुरुवात करा, मधे कधीच नाही. पहिला हात उभा, तो वाळला की दुसरा आडवा, मग गोलगोल. एक हात पूर्ण होईपर्यंत थांबायचं नाही, फोन वाजला तरी.

वाळवायला सपाट ठेवा, उन्हात नको, ड्रायरही नको. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत वेळ लागतो, लागू द्या. वाळल्यावर रंग फिका वाटेल, घाबरून लगेच अजून डाय मारू नका, नीट्सफूट ऑइलचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेल्या, चामड्याला लावायच्या तेलाचा) हलका हात फिरला की तो गडद होतो. जुन्या सॅडलशी शेड जुळवायची तर तेल लावलेला कपटाच शेजारी धरा, तोही दिवसाच्या उजेडात.

तेलाच्या आधी सुक्या फडक्याने भरपूर घासा. मग तेल, एक दिवस मुरू द्या, मग फिनिश, म्हणजे रंगावरचा संरक्षक थर. शेवटी ओलसर पांढरं कापड जोरात फिरवून बघा, त्याला रंग लागला तर रायडरच्या पांढऱ्या ब्रीचेसलाही (घोडेस्वारीच्या पँटलाही) लागणार, तेव्हा अजून घासा आणि फिनिशचा आणखी एक हात द्या.