लग्नाच्या अल्बमच्या कामासाठी डेस्कटॉप संगणक निवडताना

फोटो एडिटिंगसाठी संगणक हवा असे दुकानात सांगितले की बहुधा गेमिंगसाठी जुळवलेले यंत्र पुढे केले जाते. त्यात महागडे ग्राफिक्स कार्ड, काचेचे कॅबिनेट आणि रंगीत दिवे असतात, आणि मॉनिटर मात्र उरलेल्या पैशांत बसेल तो. छायाचित्रकाराच्या कामाला हा क्रम जवळजवळ उलटा लागतो. त्यामुळे दर विचारण्याआधी आपल्या फाइली किती मोठ्या असतात आणि काम करताना आपण नेमके कशासाठी ताटकळतो, या दोन गोष्टी कागदावर मांडाव्यात.

१२ × ३६ इंचांची अल्बमची शीट ३०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचात ३०० पिक्सेल धरून) ३,६०० × १०,८०० पिक्सेलची, म्हणजे सुमारे ३.९ कोटी पिक्सेलची होते. ८ बिटमध्ये तीन रंगांचे मिळून प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले, तर शीटभर पसरलेला एकेक लेअर (चित्राचा एकावर एक रचलेला थर) मेमरीत सुमारे ११७ एमबी जागा घेतो आणि १६ बिटमध्ये त्याच्या दुप्पट. असे पंधरा लेअर झाले की एकच शीट पावणेदोन जीबीच्या घरात जाते. त्यात हिस्टरीची (मागे जाण्यासाठी साठवलेल्या आधीच्या पायऱ्यांची) भर पडते, शेजारी आणखी तीन शीट उघड्या असतात, मागे लाइटरूम हे फोटो निवडण्याचे व सुधारण्याचे सॉफ्टवेअर चालू असते, आणि फोटोशॉप मूळ सेटिंगनुसार उपलब्ध रॅमपैकी साधारण ७० टक्केच स्वतःसाठी घेते. हा हिशेब पाहता १६ जीबी रॅम सुट्या छायाचित्रांना पुरेल, पण अल्बम डिझाइन करणाऱ्याने ३२ जीबीच्या खाली जाऊ नये. ही रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, म्हणजे ड्युअल चॅनेलचा, दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जाण्याचा, लाभ मिळतो. पुढे आणखी दोन पट्ट्या बसवता येतील या भरवशावर मात्र राहू नये, कारण डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅममध्ये चार पट्ट्या लावल्यावर मेमरीचा वेग बहुधा कमी करावा लागतो.

सध्याच्या यंत्रात रॅम खरोखरच अपुरी आहे का, हे फोटोशॉपच सांगते. खिडकीच्या तळाशी, फाइलचा आकार दिसतो त्या जागी, बाणावर क्लिक करून ‘एफिशिअन्सी’ निवडावी आणि नेहमीची शीट उघडून काम करत राहावे. आकडा १०० टक्क्यांवर टिकला तर संथपणाचे कारण दुसरीकडे आहे. तो वरचेवर खाली येत असेल तर फोटोशॉप रॅमऐवजी स्क्रॅच डिस्क, म्हणजे डिस्कवरची तात्पुरती आणि संथ जागा, वापरत आहे आणि अशा वेळी प्रोसेसर बदलून फारसे काही साधणार नाही.

विंडोज, सॉफ्टवेअर, लाइटरूमचा कॅटलॉग आणि चालू काम यांसाठी किमान १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारी वेगवान डिस्क) असावी. जुन्या पद्धतीने केबलने जोडली जाणारी साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते आणि चौथ्या पिढीची चांगली एनव्हीएमई ७,००० एमबीपर्यंत जाते, तरी तिसऱ्या आणि चौथ्या पिढीतला फरक या कामात क्वचितच जाणवतो; तेवढे पैसे जास्त क्षमतेसाठी खर्चावेत. जुन्या कामासाठी हार्ड डिस्क पुरते. ३० एमबीच्या ३,००० रॉ (कॅमेऱ्यातून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या) फाइली म्हणजे एका लग्नाचे ९० जीबी, म्हणून ४ टीबीत चाळीसेक लग्ने मावतात. पण अशा डिस्क दोन घ्याव्यात आणि दुसरी स्टुडिओत न ठेवता घरी ठेवावी.

प्रोसेसर सध्याच्या पिढीतला, सहा ते आठ कोअरचा (एकाच वेळी स्वतंत्र काम करणाऱ्या भागांचा) असला की पुष्कळ झाले. फोटोशॉपमधली बरीचशी कामे एका कोअरच्या वेगावर अवलंबून असतात, तर लाइटरूमचे एक्स्पोर्ट आणि प्रिव्ह्यू अनेक कोअर वापरतात. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असेल तर त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसते, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड न घेण्याचा विचार असल्यास असा प्रोसेसर टाळावा. कार्डाची खरी गरज पडते ती २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आलेल्या एआय डीनॉइजसारख्या (फोटोतले दाणे काढणाऱ्या) सोयींसाठी. मंद प्रकाशातले शेकडो फोटो त्यातून काढायचे असतील, तर ८ जीबी मेमरीचे मध्यम कार्ड घ्यावे. एरवी ते पैसे मॉनिटरकडे वळवावेत.

आणि मॉनिटरवर हात आखडता घेऊ नये. खोक्यावर ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगांच्या व्याप्तीचे एक जुने माप) असे लिहिलेला पॅनेल एसआरजीबी या सर्वसाधारण प्रमाण रंगसंचातल्या रंगांपैकी जेमतेम दोन तृतीयांश दाखवतो. त्यावर शालूचा लाल फिका दिसतो, तो आपण वाढवतो आणि छापून आल्यावर तो भडक होऊन जरीकाठाचे बारकावे गिळतो. आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा), १०० टक्के एसआरजीबी आणि २७ इंचांत २५६० × १४४० पिक्सेल एवढे असावेच. लॅब एसआरजीबी जेपेगच मागत असेल, तर अॅडोब आरजीबी या अधिक मोठ्या रंगसंचासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. त्याऐवजी कॅलिब्रेशनचे, म्हणजे मॉनिटरचे रंग मोजून बरोबर करण्याचे, उपकरण घ्यावे आणि पांढऱ्या रंगाची छटा ६५०० केल्विन, मधल्या छटांचा गॅमा २.२ व पडद्याचा उजेड सुमारे १०० निट्स ठेवावा. नवे मॉनिटर याहून बरेच प्रखर असतात, आणि ‘प्रिंट काळी आली’ म्हणून लॅबशी होणाऱ्या वादांचे मूळ पुष्कळदा तिथेच असते.

पॉवर सप्लाय ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याच्या) प्रमाणपत्राचा आणि यूपीएस निदान फाइल सेव्ह करून यंत्र बंद करता येईल इतका असावा. कार्यालयांतून निघालेला जुना डेस्कटॉप स्वस्तात मिळत असला, तरी विंडोज १० ला मिळणारा नियमित अपडेटचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्याऐवजी घ्यायच्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, हे आधी तपासावे.

पैसे देण्यापूर्वी आपली सर्वांत जड पीएसडी (फोटोशॉपची फाइल) पेनड्राइव्हवर नेऊन ती त्याच यंत्रावर उघडून पाहावी. मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना, हेही बघावे. केबल मदरबोर्डला लावली, तर कार्ड घेऊनही ते नीट वापरले जात नाही, असे घडू शकते. असेंबल केलेल्या यंत्रात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळ्या कंपनीची असते, त्यामुळे बिलावर प्रत्येक भागाचे मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्यावेत.