जपानी तलवारीवरील पुसट सही वाचण्याची युक्ती

जुन्या जपानी तलवारीच्या मुठीत दडलेल्या भागावर, म्हणजे ‘नाकागो’वर, कारागिराची कोरलेली सही (मेई) असली, तरी ती गंजामुळे अनेकदा वाचता येत नाही आणि समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत तर ती जवळजवळ नाहीशीच होते.

१. मुठीतील बांबूची खुंटी निमुळती असते. ती बारीक टोकाकडून हलक्या हाताने ठोकून काढावी आणि पाते सांभाळून मूठ उतरवावी.

२. नाकागो मऊ कापडावर ठेवून खोलीत अंधार करावा आणि टॉर्च जवळपास पृष्ठभागाला टेकवून प्रकाश बाजूने तिरका पाडावा, म्हणजे कोरीव रेघांत सावली भरते. टॉर्चची बाजू बदलत दोन्ही अंगांचे फोटो काढावेत, कारण तारीख असल्यास ती बहुधा सहीच्या उलट बाजूस असते.

अक्षरे उठून दिसावीत म्हणून गंज मात्र कधीही घासू नये, तेलही लावू नये. त्या गंजाचा रंग आणि पोत हाच वयाचा मोठा पुरावा असून तो गेला की तलवारीची किंमतही घसरते. प्रसिद्ध कारागिरांच्या खोट्या सह्या पूर्वीपासून कोरल्या जात आल्या आहेत, त्यामुळे हे फोटो केवळ जाणकाराला दाखवण्यासाठी समजावेत.